रकाना कोरा ठेवू नये

डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयमध्ये ऑक्टोबर उजाडला की माझं डोकं फिरतं. बाकी सगळ्या गावाला या दिवसांत उधाण आलेलं असतं. मेपलची झाडं आधी शेंड्याला लाल होतात, मग आठवड्याभरात अंगभर. लोक गाड्या काढून उत्तरेला ‘कलर्स’ बघायला जातात, येताना सायडर मिलवर थांबून सफरचंदाचा गरम रस पितात, साखरेत घोळवलेले डोनट खातात. इथल्या मराठी मंडळातल्या नव्या मुली पैठण्या नेसून लाल झाडाखाली फोटो काढतात. मी आपली दाताळं घेऊन अंगणात उभी. पानं मरताना बघायला एवढी गर्दी कशाला, असं मी एकदा बोलून गेले, तर शेजारची सुनंदा म्हणाली, “शैलावहिनी, तुम्ही पण ना! एवढं ब्यूटिफुल वेदर आहे, एन्जॉय करा की.”

करते की. चाळीस वर्षं होत आली, दर ऑक्टोबरला एन्जॉय करते आहे.

पानांचं मला काही वाटत नाही. त्रास होतो तो वासाचा. दोन दिवस पाऊस पडून गेला आणि ढिगातली खालची पानं कुजायला लागली की त्यांतून जो ओलसर, गोडूस वास येतो, तो थेट भाताच्या पेंढ्याचा असतो. आमचं गाव भोरच्या पलीकडे, डोंगरात. तिथे या दिवसांत भातकापणी चालायची. हळवं भात आधी तयार होतं, गरवं मागून. माझ्या आईला माझ्या जन्माबद्दल सांगता यायचं ते एवढंच, की हळवं कापून झालं होतं, गरवं अजून उभं होतं, तेव्हा तू झालीस. साल विचारलं की ती तांबड्या गाईच्या वेतांवर यायची. पत्रिका मांडायची पद्धत आमच्या घरात नव्हती, आणि मुलीची तर नव्हतीच नव्हती.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्मतारीख? आई म्हणाली, भाताच्या दिवसांतली आहे. गुरुजींनी एक जून लिहिलं. शाळा जूनमध्ये उघडायची, तेव्हा पोराची वर्षं पुरी भरलेली हवीत, म्हणून ज्याची तारीख नाही त्याला सरसकट एक जून. गुरुजींच्या टाकाच्या एका फटकाऱ्याने आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला आला. यात कुणाला खोटेपणा वाटला नाही. गुरुजींनाही नाही, आम्हालाही नाही. रकाना होता, तो भरला.

पुढे लग्न झालं ते अरविंदशी, तो साताऱ्याकडचा, आणि त्याचाही एक जून. अमेरिकेत आल्यावर आमच्या मीनलने बरीच वर्षं एकाच केकवर आईबाबांची नावं घातली. मंडळात तर एक जूनवाले आम्ही आठजण होतो, चार इंजिनियर, दोन डॉक्टर, मी आणि एक प्रोफेसर. बँकेतली बाई आम्हा नवराबायकोचे कागद बघून हरखून म्हणाली होती, “व्हॉट अ कोइन्सिडन्स!” गाडीत बसल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. हसू येत होतं तोवर ठीक होतं.

मी लग्नाआधी पुण्याला एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते. अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रं, सगळं हाताखालून गेलेलं. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा ट्रॉयमध्ये कुणी नव्हता. कुणाच्या आईवडिलांचा व्हिसा असो, कुणाच्या भावाचं ग्रीन कार्ड असो, लोक म्हणायचे, शैलावहिनींकडे जा. मी चष्मा लावायची, कागद घ्यायची, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. रकाना कोरा ठेवायचा नसतो. कोरा रकाना दिसला की साहेब अर्ज परत पाठवतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कचेरीत बसून बसून ते अंगात मुरलं होतं. त्याचा मला भलता गर्व होता.

शहाऐंशी सालच्या पानगळीत मी इथल्या एका नर्सिंग होमच्या ऑफिसात काम करत होते. नर्सिंग होम म्हणजे इथला वृद्धाश्रमच. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे करायला ज्या बायका होत्या, त्यांत मार्था होती. उंच, सावकाश चालणारी, माझ्याच वयाची. लायबेरियाची. लायबेरिया आफ्रिकेत नेमकं कुठे येतं हे मी नकाशात बघून घेतलं, तिला विचारायची लाज वाटली म्हणून. आमची ओळख झाली डब्यावरून. तिच्याही डब्यात भात, माझ्याही. बाकीच्या बायका सँडविच खायच्या. तिच्या देशात म्हणे, भात पोटात गेला नसेल तर दिवसभर काहीही खा, माणूस उपाशीच. मी म्हटलं, हे तर माझ्या आईचंच बोलणं. ती त्यांचं इंग्रजी बोलायची, मी माझं. आठवताना मात्र मला ती मराठीतच बोलताना ऐकू येते.

तिच्या गावाकडेही डोंगरउतारावर भात. पीक पिवळं पडलं की पोरं पहाटेपासून पाखरं हाकायला बसतात, गोफण घेऊन. मी म्हटलं, आमच्याकडेही. ती म्हणाली, “माझा जन्म त्याच दिवसांतला. आई पाखरं राखायला गेली होती, तिथेच.” मला इतका आनंद झाला, की मी माझ्या डब्यातली लोणच्याची फोड तिच्या भातावर ठेवली. ऑफिसच्या मागे एक बाक होता, त्यावर बसून आम्ही दोघी जेवायचो. वरून पानं पडत राहायची, डब्यात पडली तर काढून टाकायची. त्या महिनाभरात मला अमेरिकेत पहिल्यांदाच परकं वाटलं नाही, हे मी आज कबूल करते.

हळूहळू तिची हकीकत कळली. मोनरोव्हियात ती एका वकिलाकडे कारकून होती. तिथे लष्करी राजवट. सैनिक माणसं उचलून न्यायचे, आणि हा वकील कोर्टात अर्ज करायचा, की माणूस तुमच्या ताब्यात आहे ना, मग त्याला कोर्टापुढे आणून उभा करा. आपल्याकडे याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. आणीबाणीत हा शब्द फार ऐकू यायचा. म्हणजे भारतात ऐकू यायचा. आम्ही तेव्हा इथे नवेनवे आलो होतो आणि पॉटलकच्या जेवणाला बसून म्हणत होतो, काही म्हणा, गाड्या तरी वेळेवर धावतायत.

मार्थाकडे या अर्जांचं रजिस्टर असायचं. नाव, गाव, कधी नेलं, कुणी नेलं, आणि शेवटचा रकाना, कुणी पाहिलं. ती म्हणायची, माणूस परत येईलच असं नाही, पण रजिस्टरात असेल तर तो नव्हताच असं कुणाला म्हणता येत नाही. आदल्या वर्षी तिच्या देशात बंडाचा प्रयत्न फसला, आणि बंडवाल्यांच्या जमातीची माणसं सैनिक वेचून वेचून न्यायला लागले. मार्था त्याच डोंगराळ भागातली. एके दिवशी वकिलालाच नेलं. त्याच्यासाठी अर्ज करायला आता कुणी नव्हतं. मार्थाने त्याचं नाव रजिस्टरात लिहिलं, कुणी पाहिलं या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, रजिस्टर मावशीच्या भाताच्या कणगीत पुरलं आणि देश सोडला. हे सांगताना ती एका आजोबांचे मोजे घड्या करून ठेवत होती.

इथे राहू द्या, परत पाठवलंत तर माझा जीव जाईल, असा तिचा अर्ज करायचा होता. केव्हिन नावाचा एक तरुण वकील चर्चच्या तळघरात बसून असल्या केसेस फुकट लढवायचा. त्याच्याकडे एवढी माणसं, की त्याने फॉर्म तिच्या हातात दिला आणि म्हणाला, जमेल तेवढा भरून आण. ती तो घेऊन माझ्याकडे आली. येणारच. नर्सिंग होममध्येही माझी ख्याती पसरली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी टाइपरायटरवर फॉर्म चढवला. नाव, गाव, आईवडील, भराभर टाइप केलं. मग आली जन्मतारीख. महिना, दिवस, वर्ष. तिच्या पासपोर्टवर फक्त वर्ष होतं. ती म्हणाली, “‘माहीत नाही’ लिही.”

मी म्हटलं, “असं लिहितात का कुठे? तारीख घाल काहीतरी.”

“माहीत नाही ते माहीतच नाही,” ती म्हणाली. “रजिस्टरात आम्ही तसंच लिहायचो. अंदाजाने तारीख घातली आणि ती चुकली, की सरकारी वकील ती धरून अख्खा अर्ज फाडतो. आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं.”

“ते तुमच्याकडे,” मी म्हटलं. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. ते तुमच्याकडे. जणू मी कुठल्या सुधारलेल्या मुलखातून तिला शिकवायला आले होते. “इथे कोरा रकाना चालत नाही. आमच्यात सगळ्यांचा एक जूनच असतो. माझा एक जून, नवऱ्याचा एक जून, आमच्या डॉक्टरांचा एक जून. काही होत नाही ग.”

ती हसली. “म्हणजे आपल्या दोघींचा वाढदिवस एकच?”

“एकच,” मी म्हटलं आणि एक जून टाइप केलं. तिने खाली सही केली. वर छापलेलं होतं, की यातली माहिती खरी आहे असं मी शपथेवर सांगते. त्याखाली आणखी एक ओळ होती, फॉर्म कुणी तयार केला. तिथे मी सही केली, लफ्फेदार. केव्हिनला कामाच्या रगाड्यात ते दिसलं नाही. दिसलं असतं तरी त्याला संशय कशाला येईल? एक जून ही काही वाईट तारीख नाही.

मध्ये दिवाळी आली. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. त्या वर्षी इथल्या कॉलेजांतली पोरं दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरत होती, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी, डॉक्टरसाहेबांनी, त्यावर भाषण केलं. गोऱ्यांच्या अन्यायाविरुद्ध तिथे पहिली ठिणगी टाकली ती आपल्या माणसाने, वगैरे. टाळ्यांचा कडकडाट. एक निषेधाचं पत्र फिरलं, सगळ्यांनी फराळाच्या तेलकट बोटांनी सह्या केल्या. मला वाटलं, हीच वेळ आहे. केव्हिनला मार्थाच्या चांगल्या वागणुकीबद्दल चार प्रतिष्ठित माणसांची पत्रं हवी होती. मी डॉक्टरसाहेबांना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांची ती कशी सेवा करते तेही सांगितलं.

ते म्हणाले, “शैलाताई, हे इश्यू वेगळे आहेत. साउथ आफ्रिकेत प्रिन्सिपलचा प्रश्न आहे. ही केस आहे. केसमध्ये आपण पडायचं नसतं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि हे बघा, डेट्रॉइटमध्ये हे काळे लोक काय काय करतात ते मी रोज इमर्जन्सीत बघतो.”

त्यांच्या हातात चकली होती. ती त्यांनी मोडली आणि अर्धी मला दिली. मी खाल्ली.

सुनावणी नोव्हेंबरच्या मध्यावर, डाउनटाउनमध्ये. झाडं तोवर उघडी झाली होती. मी रजा काढून गेले आणि मागच्या बाकावर बसले. मार्था नेव्ही ब्लू कोट घालून आली होती, कुणाचा तरी दिलेला, बाह्या आखूड. केव्हिनने विचारलं ते तिने नीट सांगितलं. सैनिक, वकील, रजिस्टर. वकिलाला नेल्याची तारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, नक्की तारीख मी सांगू शकत नाही, गुरुवार होता. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, चांगलं चाललंय.

मग सरकारी वकीलबाई उठल्या. त्यांनी दोन कागद हातात घेतले. एकावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याची नोंद होती, की प्रवाशाला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. दुसरा आमचा फॉर्म. एक जून.

“यातलं खरं कोणतं?”

मार्था म्हणाली, “पहिलं.”

“मग दुसरं तुम्ही शपथेवर खोटं लिहिलंत?”

मार्थाने मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. हे मी कितीतरी वेळा आठवून बघितलं आहे. माझं नाव तिला घेता आलं असतं, फॉर्मवर ते होतंच. ती एवढंच म्हणाली, “रकाना भरायला हवा असं वाटलं.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “जी व्यक्ती वाढदिवस रचू शकते, ती गुरुवारही रचू शकते.” आणि बसल्या. त्यांचं मला फारसं नवल वाटत नाही. मार्थाने सांगितलंच होतं, सरकारी वकील काय करतो ते. फायलीत आणखी एक सरकारी पत्र होतं, की लायबेरिया आपला मित्रदेश आहे आणि तिथली परिस्थिती सुधारते आहे. ते पत्र मात्र कुणी कुठल्या दुसऱ्या कागदाशी ताडून बघितलं नाही.

न्यायाधीशांनी आठवड्याने निकाल देतो म्हणून सांगितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये केव्हिनने मला गाठलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाला, “तारीख तुम्ही घातली ना? निकालाआधी तुमची साक्ष घ्या अशी विनंती मी न्यायाधीशांना करतो, तुम्ही एवढंच येऊन सांगा. तुमच्या देशात ही रीत आहे, तुम्ही तिला भरीला घातलं, ती नको म्हणत होती. पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर केस तरू शकते.”

मी म्हटलं, येते. मनापासून म्हटलं.

घरी आल्यावर अरविंदला सांगितलं. तो टाय सोडत होता, तसाच थांबला. “शैला, तू वेडी आहेस का? आपला सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू नेक्स्ट मंथ आहे. तू कोर्टात ओथवर सांगणार, की आम्ही लोक फॉर्मवर एक जून घालतो. पुढचा प्रश्न काय येईल? ‘मॅडम, तुमची डेट ऑफ बर्थ काय?’ सांग ना, काय उत्तर देशील?”

मी त्याचा टाय घडी घालायला घेतला.

“तुझी खोटी, माझी खोटी. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, माझा कंपनीतला रेकॉर्ड, सगळीकडे. आईचे पेपर्स आपल्या सिटिझनशिपवर अडकलेत. ती तिकडे एकटी आहे. आणि तू एका बाईसाठी, जिला तू दोन महिने ओळखतेस—”

मीनल जिन्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “बट मॉम, यू डिड इट. जस्ट टेल देम.” अरविंदने तिला वर पाठवलं.

अरविंद वाईट माणूस नव्हता. त्याच्या आईसाठी त्याचा जीव तुटायचा, आणि त्याची भीतीही काही हवेतली नव्हती. पुढे बरीच वर्षं मी मनात त्याच्यावर खापर फोडत राहिले. आता तो नाही, तेव्हा खरं सांगते. तो बोलायला लागला तेव्हा मला हायसं वाटलं. कुणीतरी मला नको म्हणायला हवंच होतं. मी दुसऱ्या दिवशी केव्हिनला फोन केला आणि सांगितलं, की घरी अडचण आहे. तो म्हणाला, मी समजू शकतो. त्याच्या त्या समजूतदारपणाचा मला राग आला.

निकालाच्या दिवशी मी रजा घेतली आणि अंगणातली पानं झाडली. थंडी बरीच होती. सकाळी दहाला सुरुवात केली, कारण दहाला कोर्ट होतं. पुढचं अंगण झालं, मागचं झालं, मग शेजाऱ्यांच्या हद्दीतलीही ओढली. हाताला फोड आले. ढिगाखालून तो वास येत होता, पेंढ्याचा. मी ते सगळं रस्त्याच्या कडेपर्यंत ओढत नेलं. बारा वाजून गेल्यावर केव्हिनचा फोन आला, मी तो घंटा वाजून बंद होईपर्यंत वाजू दिला. कळायचं ते कळलंच होतं.

थँक्सगिव्हिंगच्या आधी मार्था नर्सिंग होममध्ये गणवेश परत द्यायला आली. तिला स्वतःहून देश सोडायला मुदत मिळाली होती. मी तिला बाकावर नेलं. बसायला गार पडलेलं लाकूड, वर एक पान नाही. मी तिची माफी मागितली. सिटिझनशिप, सासूबाई, अरविंद, सगळं सांगितलं. मी रडले. ती रडली नाही. तिने गणवेशाची घडी मांडीवर नीट करून ठेवली.

मग म्हणाली, “आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असायचा, आठवतं? कुणी पाहिलं. माणूस भर बाजारातून उचललेला असायचा. सकाळची वेळ, रस्ता भरलेला. तरी आम्ही विचारायला गेलो की तो रकाना बहुतेक वेळा एकच उत्तर लिहून भरावा लागायचा. कुणीही नाही.” तिने घडीवरून हात फिरवला. “त्यांचा मला राग यायचा नाही. त्यांनाही सासवा होत्या, मुलं होती. मी फक्त लिहायची.”

एवढं बोलून तिने माझ्या गालावर हात ठेवला, जसा ती म्हाताऱ्यांच्या गालावर ठेवायची, आणि गणवेश द्यायला आत गेली. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या मी पचवल्या असत्या.

त्या हिवाळ्यात आम्ही अमेरिकन नागरिक झालो. इंटरव्ह्यूमध्ये बाईंनी आमचे कागद चाळले आणि विचारलं, “दोघांचाही एक जून?” अरविंद म्हणाला, “येस मॅम.” बाई म्हणाल्या, “हाऊ रोमँटिक!” आणि शिक्का मारला. मार्थाचा एक जून आणि आमचा एक जून यांत अक्षराचा फरक नव्हता. आमचं खोटं इंजिनियरच्या कोटाच्या खिशातून आलं होतं म्हणून त्याचा केक झाला. न्याय आंधळा असतो म्हणतात. तसा तो असता तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात तिचं एक पत्र आलं, पातळ निळ्या कागदावर. मावशीची कणगी उघडली, रजिस्टर शाबूत आहे, वाळवीने दोन कोपरे खाल्ले आहेत. दुसऱ्या एका वकिलाकडे ती पुन्हा कामाला लागली होती. शेवटी लिहिलं होतं, एक जूनला तुझी आठवण झाली. हे तिने खोचकपणे लिहिलं होतं की प्रेमाने, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी उत्तराचे दहा कागद फाडले. ज्या बाईने गावभरचे अर्ज लिहिले, तिला एक साधं पत्र जमलं नाही. मग आणखी दोन-तीन पानगळी गेल्या आणि त्यांच्या देशात खरंच युद्ध पेटलं. टीव्हीवर रस्ते दिसायचे, रस्त्यावर माणसं. मी पडद्याजवळ जाऊन बघायची. अरविंद म्हणायचा, “बंद कर ते, जेवायला वाढ.” मग मी भात वाढायची.

केव्हिनला मी पुढे एकदा फोन केला, त्याच्याकडेही काही खबर नव्हती. तिचं काय झालं हे मला माहीत नाही. ‘असेल कुठेतरी’ असं मला लिहिता येईल, वाचणाऱ्यालाही बरं वाटेल. पण तिने मला शिकवलं होतं, अंदाजाने लिहायचं नाही.

अरविंद जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या मृत्यूचा दाखला मीच भरून दिला. जन्मतारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ज्याला आता कुणी कुठल्याच देशातून काढू शकत नव्हतं, त्याची तरी खरी गोष्ट लिहावी असं वाटलं. अंत्यविधीवाल्यांचा तरुण समोर उभा होता, त्याला पुढचं काम होतं. मी एक जून लिहिलं.

गेल्या आठवड्यात फ्लूची लस घ्यायला औषधाच्या दुकानात गेले होते. पानगळ आली की लसही येते. दारात भोपळे मांडलेले, आत गरम. काउंटरवरच्या मुलीने न बघता विचारलं, “डेट ऑफ बर्थ?”

त्या दिवशी सकाळीच पानं झाडून आले होते. वास अजून हाताला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “आय डोन्ट नो.”

मुलीने वर बघितलं. तिला वाटलं असणार, म्हातारीचं डोकं चालेनासं झालंय. ती एकदम मऊ आवाजात बोलायला लागली, ज्या आवाजात मार्था आजोबांशी बोलायची. “दॅट्स ओके, हनी. डोन्ट वरी. माझ्याकडे आहे ना सिस्टिममध्ये.” तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. “जून फर्स्ट. बरोबर?”

मागे रांगेत चार-पाच माणसं उभी होती. भर दुपार होती, दिवे लख्ख होते. आता सांगितलं असतं तर माझं काय वाकडं होणार होतं? नवरा नाही, सासू नाही, कुठला इंटरव्ह्यू नाही.

मी म्हटलं, “हो. बरोबर.” आणि बाही वर केली.